आजी जागी राहते, पेंगतेस तू

तुला एक सांगायचं आहे, पण आईच्या देखत नाही. तिच्यासमोर बोलले तर ती लगेच म्हणेल, "बघ, मी काय म्हणत होते!" आणि मग तू अर्धंच ऐकशील. आत्ता दोघीच आहोत तर ऐकून घे.

दिवाळी झाली की मंडया सुरू होतील, मागोमाग शंकरपट. आपल्या अर्जुनी मोरगावपासून तिकडे लाखांदूर-वडशापर्यंत, होळी येईतो रोज कुठल्या ना कुठल्या गावात नाटक लागलेलं असणार. तू जाणार, मैत्रिणींना घेऊन जाणार, स्कूटीवर जाणार. जा बाई. झाडीपट्टीत जन्मून नाटकाला नाही जायचं तर मग काय करायचं? पण परवा तू आजीला म्हणालीस ना, "तू नको येऊ, तुला जागरण झेपत नाही, आम्हाला एका रात्रीनं काय होतंय," ते मला खटकलं. आजीचा अपमान झाला म्हणून नाही; ती तुझ्या बोलण्याला भीकही घालत नाही. खटकलं ते अशासाठी की खरी गोष्ट बरोब्बर उलटी आहे.

यंदा नाटकाला गेलीस की एकदा मंचाकडे पाठ कर आणि मंडपाकडे बघ. संध्याकाळी नको, तेव्हा सगळेच ताजेतवाने असतात. पहाटे तीन-साडेतीनला बघ. लावणीला शिट्ट्या मारणारी पोरं एकमेकांच्या खांद्यावर कलंडलेली असतात. कॉलेजच्या मुलींच्या माना लटकत असतात. आणि समोर शाल गुंडाळून बसलेल्या म्हाताऱ्या? सुनेला घराबाहेर काढलं की त्या डोळ्याला पदर लावतात, खलनायक आला की बोटं मोडतात, आणि कोण कुणाचा खरा मुलगा हे त्यांना शेवटपर्यंत नीट लक्षात असतं. आता त्यातल्या काही दुपारी निवांत झोपून आलेल्या असतात, हे मान्य. मंडपातल्या पाहणीला कुणी शास्त्र म्हणणार नाही, हेही मान्य. पण ज्यांनी हेच प्रयोगशाळेत बसून मोजलं त्यांनाही असंच दिसलं.

फ्रान्समध्ये २००४ साली एक अभ्यास झाला. विशीतले तरुण आणि पन्नाशी-साठीतले पुरुष, दोघांनाही एक चाचणी दिली: खूण दिसली की लगेच बटण दाबायचं. झोप झालेली असताना तरुण चपळ निघाले, ज्येष्ठ हळू. यात नवल नाही. मग दोघांनाही रात्रभर जागवलं आणि पुन्हा तीच चाचणी घेतली. ज्येष्ठांचा वेग होता तिथेच राहिला. तरुणांचा इतका घसरला की ते ज्येष्ठांच्या पंक्तीत जाऊन बसले. म्हणजे तुझ्या वयाची जी काही चपळाई आहे, ती एका रात्रीत गेली. २००९ मध्ये अमेरिकेत बोस्टनला काही जणांना सलग २६ तास जागं ठेवलं. एका गटाचं सरासरी वय बाविशीच्या आसपास, दुसऱ्याचं अडुसष्टच्या. तिथेही लक्ष सुटण्याचे, नकळत डोळा लागण्याचे प्रकार तरुणांमध्येच जास्त झाले. ज्येष्ठांनी जागरण जास्त चांगलं पेललं.

आता 'लक्ष सुटणं' म्हणजे नेमकं काय, ते समजून घे, कारण सगळा धोका तिथेच आहे. डेव्हिड डिंजेस नावाच्या अमेरिकी संशोधकानं १९८५ च्या सुमारास ही चाचणी रूढ केली. दहा मिनिटं पडद्याकडे बघत राहायचं. मध्येच, दोन ते दहा सेकंदांच्या अंतरानं, केव्हाही खूण येते. आली की दाबायचं. झोप झालेला माणूस साधारण पाव सेकंदात दाबतो. अर्ध्या सेकंदाहून उशीर झाला की ती चूक धरतात. जागरण झालेला माणूस सगळ्याच वेळी हळू नसतो, हे त्यातलं मोठं गमतीचं. तो बऱ्याचदा अगदी झटकन दाबतो, आणि मध्येच एकदा दाबतच नाही. उन्हाळी धानाच्या दिवसांत डीपीवर मोटारींचा लोड आला की घरातला लाइट जसा लपलपतो, पूर्ण जात नाही पण क्षणभर डोळ्यापुढे अंधार येतो, तसं ते असतं. डोळे उघडे असतात, हात हँडलवर असतात, आणि तू मात्र तिथे नसतेस.

स्कूटी ताशी ४० किलोमीटरनं चालली असेल तर अर्ध्या सेकंदात साडेपाच मीटर पुढे जाते. तीन सेकंदांची डुलकी लागली तर तेहतीस मीटर. नवेगावबांधच्या बाजूचे आपले रस्ते तुला माहीत आहेत. दोन्हीकडे झाडी, मध्येच रानडुकरांचा कळप आडवा येतो, चितळ येतं, थंडीत वर धुकं. तेहतीस मीटर डोळे मिटून चालण्यासारखा तो रस्ता नाही.

तू म्हणशील, मी दारू थोडीच प्यालेली असते! ऐक. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी जागरण आणि दारू यांची सरळ तुलना केली. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाच्या हातून जे काम होतं, ते रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसासारखं असतं. २४ तासांनी ते ०.१० टक्क्याच्या पातळीला जातं. आपल्या मोटार वाहन कायद्यात मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. आता तूच हिशेब कर: सकाळी पाचला धावायला उठलीस, दिवसभर अभ्यास, रात्री नाटक, आणि पहाटे पाचला स्कूटीची किल्ली फिरवलीस. २४ तास झाले. दारूसाठी पोलिसाकडे फुंकायचं यंत्र तरी असतं. झोपेसाठी चौकात तसलं काही नाही, आणि उद्या भरती होऊन तू पोलिसाच्या वर्दीत उभी राहिलीस तरी तुझ्याही हातात ते नसेल.

असं का होतं, हे विचारशील म्हणून मी आधीच वाचून ठेवलंय. एक कारण झोपेच्या ओढीचं. आपण जागे असताना मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं, आणि जितकं साचेल तितकी झोप ओढून घेते. ही ओढ तरुण मेंदूत जास्त जोरदार असते. गाढ झोपही तुमच्याच वयात भरपूर लागते. तू झोपलीस की अंगावरून बैलगाडी गेली तरी कळत नाही, म्हणून आई बोलते ना, ती तक्रार नाही, ते तुझ्या वयाचं लक्षण आहे. वय वाढत जातं तशी गाढ झोप आटते. आजी रात्रीत चारदा उठते, तिची ओढच कमी. म्हणून जागरणाच्या रात्री तिला तितकं खेचलं जात नाही.

दुसरं कारण शरीरातल्या घड्याळाचं, आणि पहाटेचा खेळ तिथे आहे. वयात येताना हे घड्याळ मागे सरकत जातं. झोप उशिरा येते, जागही उशिरा येते. हे मागे सरकणं मुलींमध्ये साधारण साडेएकोणिसाव्या वर्षी आणि मुलांमध्ये एकविसाव्याच्या आसपास टोकाला पोचतं, आणि मग आयुष्यभर हळूहळू पुढे येत राहतं. म्हणजे पहाटे साडेचारला आजीच्या शरीरात सकाळ व्हायला आलेली असते. तुझ्या शरीरात त्या वेळी मध्यरात्र असते. बाहेर कोंबडं आरवतंय म्हणून आत उजाडत नाही. (शासनानं २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी ९ च्या आधी भरवू नका असं ठरवलं, ते चांगलंच केलं. पण घड्याळ सगळ्यात मागे असतं ते कॉलेजच्या पोरांचं, आणि त्यांचा पहिला तास अजून कुठे कुठे साडेसातलाच असतो. त्याचं कुणाला काही नाही.)

आता दुसरी बाजू, कारण तू इथून उठून आजीला सांगशील की ताई म्हणते तुला जागरणानं काही होत नाही. तसं मी म्हटलेलं नाही. त्या अभ्यासातले ज्येष्ठ निवडून घेतलेले, ठणठणीत होते. बीपीची गोळी, साखरेची गोळी, रात्रभर घोरणं, गुडघे, हे सगळं असलेली आपल्या गावातली साठी ओलांडलेली बाई त्यांच्यात नव्हती. शिवाय त्यांचा वेग मुळातच कमी असतो. तो आणखी घसरला नाही म्हणून काही चपळ झाला नाही. जागरण झालेल्या अवस्थेत अंधारात परसाकडे जाताना पाय घसरला तर तुला खरचटेल, तिच्या मांडीचं हाड मोडेल. आणि मोजलंय ते एका रात्रीचं. वर्षानुवर्षं कमी झोपणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं बरं चालतं असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. पासष्टीनंतरही ७ ते ८ तास झोप लागतेच. "म्हातारपणी झोप कमी लागते" म्हणजे कमी येते, कमी पुरते असं नाही.

हे मी तुला इतकं खोलात सांगते, त्याला स्कूटीशिवाय आणखी एक कारण आहे. वहिनी. तिचं बाळ तीन महिन्यांचं, ती स्वतः तेवीसची. रात्री दर दोन तासांनी उठते आणि दिवसा भाजी जाळते, दूध उतू घालवते. काकू म्हणतात, आम्ही रोवणीला जाऊन पोरं वाढवली, आम्हाला नाही अशी झोप आली. काकूंना तेव्हाही आली असणार, विसरल्या असतील. पण आज दोघी एकाच रात्री सारख्याच जागल्या, तर सकाळी काकू बऱ्या दिसणार आणि वहिनी भेलकांडणार, यात तिचा आळस कुठेही नाही. तो वयाचा हिशेब आहे. पोरीला "नाजूक" म्हणण्याआधी हे कुणीतरी काकूंना सांगायला हवं, आणि मी सांगितलं तर त्या मनावर घेतील. तू मध्ये पडू नकोस.

उलट या फरकाचा घरात उपयोग करता येतो. वहिनीला रात्री बारापर्यंत जागणं तितकं जड नाही, तिचं घड्याळच उशिराचं. काकू नऊला आडव्या होतात आणि चारला त्यांचे डोळे टक्क उघडे. मग चारचं दूध पाजून झालं की बाळ काकूंकडे द्यायचं, वहिनीनं सातपर्यंत सलग झोपायचं. ते तीन तास तिच्यासाठी सोन्याचे आहेत. खोलीत बारीक दिवा मात्र लावून ठेवा, काकू बाळ घेऊन अंधारात चालायला नकोत.

शेतातही तसंच. धान निसवलं की रानडुकरांसाठी जागल लागते, आणि माचाणीवर म्हातारेच बरे बसतात हे गावाला शास्त्र न शिकता कळलेलं आहे. पण दादा रात्रभर जागलीला असेल, किंवा रात्रीची लाइन आली म्हणून मोटारीपाशी असेल, तर दुसऱ्या दिवशी त्याला चुरण्याच्या मशीनवर उभं करू नका. त्या पट्ट्यात हात जायला अर्धा सेकंदही लागत नाही. त्या दिवशी त्यानं पोती उचलावी, ताकदीचं काम करावं. जागरणानं जोर फारसा कमी होत नाही, जातं ते लक्ष.

आता तुझं. तुझी पोलीस भरतीची तयारी मी बघते. रात्री बारा-एकपर्यंत मोबाइलवर प्रश्नसंच, पाचला मैदान. चार-पाच तास झोप. "मला सवय झाली" असं तू म्हणतेस, आणि मला सगळ्यात भीती याच वाक्याची वाटते. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात २००३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. तरुण, निरोगी माणसांना चौदा दिवस रोज चार किंवा सहाच तास झोपू दिलं. त्यांचं लक्ष रोज थोडं थोडं घसरत गेलं, आणि शेवटी ते एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांच्या पातळीला पोचलं. पण त्यांना विचारलं की किती झोप येते, तर पहिल्या काही दिवसांनंतर उत्तर फारसं बदललंच नाही. म्हणजे माणूस घसरत राहतो आणि त्याला वाटतं आपण आहोत तिथेच आहोत. सवय झाली ती तक्रार न करण्याची.

तुझा लेखी पेपर ९० मिनिटांचा, शंभर गुणांचा. दहा मिनिटांच्या चाचणीत जे सुटतं, ते दीड तासात किती सुटेल? "खालीलपैकी कोणते विधान चुकीचे आहे" यातला "चुकीचे" वाचायचा राहतो, तो असाच. ८०० मीटरचं धावणं तू दम लावून काढशील. पेपरला दम लावता येत नाही. आणि दिवसभर पाठ केलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत, त्यामुळे रात्री एकला वाचलेली शेवटची पन्नास पानं तशीही फुकट जातात. मोबाइल साडेदहाला चुलीपाशी, म्हणजे आईच्या ताब्यात. रागावू नकोस.

नाटकाच्या रात्रीचं असं कर. त्या दिवशी सकाळी धावायला सुट्टी. दुपारी जेवून दीड-दोन तास नीट झोप, डोक्यावर गोधडी घेऊन, खोली अंधारी करून. आधी घेतलेली झोप रात्री उपयोगी पडते, हे तपासलेलं आहे. रात्री दोनच्या सुमारास चहा घे. त्याचा असर व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणून डोळे मिटायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. पाचला मात्र चहा नको, तो तुझी सकाळची झोप खाईल, कारण त्यातलं अर्धं कॅफिन पाच-सहा तासांनीही अंगात असतं. तोंडावर पाणी मारणं, हेल्मेटची काच उघडणं, मागच्या मैत्रिणीला गाणी म्हणायला लावणं, यानं पाच-दहा मिनिटं बरं वाटतं, त्यापलीकडे नाही. आणि मागे बसलेली मैत्रीणही तुझ्याच वयाची आहे, तीही पेंगणार. ती तुला सांभाळेल यावर जाऊ नकोस.

पडदा पडला की लगेच निघायचं नाही. पाहुण्यांच्या गावी नाटक असेल तर त्यांच्याच ओसरीवर झोपा. मंडईला आलेल्या माणसाला झाडीपट्टीत कुणी नाही म्हणत नाही. पाहुणे नसतील तर ट्रॅक्टर-ट्रॉलीनं येणाऱ्या बायकांबरोबर जा नि त्यांच्याबरोबरच ये, किंवा दिवस वर येईपर्यंत मंडपातच आडवी हो. निदान वीस-पंचवीस मिनिटं. उठल्या उठल्या गाडीवर बसू नकोस, झोपेचा जडपणा उतरायला पाव तास तरी जाऊ दे. घरी आल्यावर दोन-तीन तास झोप आणि रात्री लवकर पड. सगळी झोप एकाच दिवशी भरून काढायला गेलीस तर पुढची रात्र बिघडेल.

आणि आजीला घेऊन जा. ती तशीही जागीच असते. पुढच्या रांगेत तिला बसव, पाठीला टेकायला काहीतरी दे, गोळ्या सोबत घे. चौथ्या अंकात तुझी मान लटकली की तीच तुला कोपरानं ढोसेल. येताना गाडीचं विचारायचं झालं तर तिलाच विचार, "आजी, मी चालवू का?" ती नाही म्हणाली तर किल्ली तिच्या कनवटीला जाऊ दे.